शिळेवरचा आकडा



सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या खेड्यात गेले असता चावडीच्या भिंतीत, वेशीजवळ किंवा शाळेच्या दर्शनी बाजूस बसविलेली एक लहानशी दगडी पाटी कधी कधी नजरेस पडते. तिच्यावरचा मजकूर थोडका असतो. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यात सांगितलेले असते. गाव बदलले की आकडे बदलतात. वाक्य बदलत नाही. असल्याच पाट्या पंजाबातील खेड्यांतही आहेत. शंभर वर्षे त्या ऊनपाऊस खात उभ्या आहेत. पोरे त्यांच्याखाली गोट्या खेळतात, निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्यावर भित्तिपत्रके चिकटतात, आणि हे गेले ते कोण, असे गावात कोणास विचारले तर बहुधा उत्तर मिळते, "असतील कोणीतरी लष्करातले."

उत्तर देणाऱ्याचा यात दोष नाही. पाटीवर नावच नाही, तर आठवण कोणाची ठेवावी? आजच्या व्याख्यानात आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच की, आकड्याने स्मारक होत नाही, नावाने होते; आणि ही हरवलेली नावे शोधून काढण्याचे काम सरकारदरबारापेक्षा गावची शाळा अधिक चांगले करू शकते.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार वाचनालयात जास्त झाले, व पुढचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेले. पण हजेरीपट म्हणजे काय, हे आम्हांला चांगले कळते. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याला पगार मागता येतो, रजा मागता येते, हात तुटला तर भरपाई मागता येते. कंत्राटदाराच्या बिलात जो नुसता 'मजूर इतके' अशा आकड्यात मोजला जातो, त्याला अपघात झाला तर तो त्या दिवशी कामावर होता, येथपासूनच सिद्ध करीत बसावे लागते. आम्ही अशी प्रकरणे वर्षानुवर्षे लढविली आहेत. म्हणूनच या पाट्यांकडे पाहताना आमच्या मनात प्रथम प्रश्न आला तो हा की, यांचा हजेरीपट कोठे आहे?

आधी हे गेले कोण, ते पाहू. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार नेण्यात आली. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली, पॅलेस्टाइन आणि सर्वांत जास्त मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, येथे ती लढली व राबली. त्यांपैकी सुमारे ७४ हजार मेली. युद्धाच्या आरंभी शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये होता. ११ रुपयांसाठी माणूस जीव धोक्यात का घालतो, हे ज्याला समजत नसेल त्याने त्या काळच्या घाटमाथ्यावरील शेतीकडे पाहावे. जमिनीचे तुकडे झालेले, पाऊस बेभरवशाचा आणि सावकाराचे व्याज मात्र नियमित. मुंबईच्या गिरण्यांना माणूसबळ पुरविणारे जे जिल्हे, तेच मराठा पलटणींनाही पुरवीत होते. एका घरातला थोरला भाऊ परळच्या खोलीत दहाबारा जणांबरोबर राहून साचा चालवी, मधला पलटणीत जाई, धाकटा आईबापांजवळ राहून नांगर धरी. दोन ठिकाणांहून मनीऑर्डरी येत, तेव्हा कोठे साऱ्याचा हप्ता भागे. गिरणी कामगाराचा आणि शिपायाचा इतिहास आम्ही वेगळा मानीत नाही, त्याचे कारण हे आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामास आले. घरटी एक माणूस लष्करात, ही तेथली रीत झाली. असे गाव सर्वांच्या ओठी असते. परंतु ज्या गावातून सात गेले आणि दोन मेले, त्या गावातील त्या दोन घरांवर कोसळलेले आकाश काही लहान नव्हते.

आता मेसोपोटेमियाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण आपल्या भागातील कितीतरी घरांचे धागे तेथे जाऊन तुटले आहेत. तेथे प्रथम गेलेल्या सैन्याचे नावच मुळी 'पुणे डिव्हिजन' असे होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. सेनापती टाउनशेंड यांना माघार घेऊन तैग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावी यावे लागले, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेने त्यांना वेढा घातला. हा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले, तेव्हा ओढकामाची व स्वारीची जनावरे कापण्यात आली. घोड्याचे मांस खाण्यास बहुसंख्य हिंदी शिपाई पुष्कळ दिवस तयार होईनात. रक्तपितीने माणसे खंगून गेली. सुटकेसाठी दक्षिणेकडून आलेल्या फौजेचीही २० हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. पुढची कथा लढाईपेक्षा भयंकर आहे. अन्नाने आधीच अशक्त झालेल्या या माणसांना वाळवंटातून शेकडो मैल चालविण्यात आले, आणि हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले. तापाने, हगवणीने आणि उपासमारीने किती जण वाटेत पडले, किती रुळांच्या कडेला पुरले गेले! ११७ व्या पलटणीला युद्धानंतर 'रॉयल' ही पदवी मिळाली. पदवी पलटणीला मिळाली. त्या पलटणीतल्या मेलेल्या शिपायाला काय मिळाले?

युद्धातील मृतांची स्मारके उभारण्यासाठी १९१७ साली 'इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन' स्थापन झाले. हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव कोठे ना कोठे कोरले जाईल, हे त्याचे तत्त्व होते. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ साली जे हिंदी स्मारक उघडले, त्यावर हे तत्त्व पाळलेले दिसते. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे तेथे आहेत. पण १९२९ साली बसऱ्यास स्मारक उघडले, तेथे काय झाले? तेथे स्मरण केलेल्या ४० हजारांहून अधिक मृतांत हिंदी माणसेच बहुसंख्य. तरीही ब्रिटिशांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली 'व इतर हिंदी शिपाई' म्हणून फक्त आकडा घातला. फ्रान्समध्ये जो शिपाई नावानिशी उरला, तोच बसऱ्यास मेला असता तर आकड्यात जमा झाला असता. पुढे १९९७ साली इराकी सरकारने ते स्मारक मूळ जागेवरून हलवून वाळवंटात नेऊन ठेवले.

हा केवळ आमचा आरोप नव्हे. त्याच संस्थेने, म्हणजे आजच्या 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन'ने, २०२१ साली आपल्या जुन्या कारभाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिका व आशिया खंडांतील किमान १ लाख १६ हजार मृतांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात मान्य केले आणि क्षमा मागितली. आपल्या चावडीवरची पाटी आणि बसऱ्याचे स्मारक ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत, हे आता लक्षात येईल.

कोणी विचारील की, नाव कोरले काय आणि न कोरले काय, मेलेला परत येतो का? याचे उत्तर आपल्या पुण्याजवळच उभे आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे झालेल्या लढाईनंतर कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारला आणि आपल्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' म्हणजे महार शिपाई, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. पुढे १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली व ही जात लढवय्यी नाही असे ठरविले, तेव्हा त्या निर्णयाविरुद्ध बोलणाऱ्यांपाशी दगडावरची ती नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. त्या लढाईचा अर्थ कोणी कसाही लावो. कंपनीने तेथे 'इतके शिपाई' एवढेच कोरले असते, तर एका समाजाला आपले आजोबा त्या दगडावर वाचता आले असते का? नावाने हक्क सांगता येतो, आणि आकड्याची बेरीज दुसऱ्याच्या खात्यावरही मांडता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही माणसे परक्या साम्राज्यासाठी लढली, मग स्वतंत्र देशाने त्यांचे स्मरण का करावे, असे पुष्कळ देशभक्त म्हणतात. त्यांची भावना आम्हांला समजते. परंतु त्या काळी मोठमोठ्यांनाही हा प्रश्न सोपा गेला नव्हता. १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करीत होते. त्याच जूनमध्ये मुंबईस गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरविली. टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना अडविले, आणि टिळक सभा सोडून निघून गेले. पुढाऱ्यांना निदान सभा सोडण्याची सोय होती. ज्याने ११ रुपयांवर अंगठा उठविला होता, त्याला कूतचा वेढा सोडून कोठे जाता येणार होते? गोऱ्या मालकाच्या गिरणीत राबला म्हणून आम्ही विणकऱ्याला देशद्रोही म्हणत नाही; मग शिपायाला तरी का म्हणावे? स्मरण म्हणजे युद्धाची स्तुती नव्हे. उलट, मेलेल्याचे नाव, वय, घर आणि मागे राहिलेली बायको डोळ्यांपुढे आली म्हणजे युद्धाचा खरा खर्च कळतो. नुसता आकडा पाहून तो कोणालाच कळत नाही, म्हणून तर आकडा सर्वांना सोयीचा असतो.

आता शाळेकडे वळू. महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ पासून इंग्लंडात एक उपक्रम झाला. प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतून दोन विद्यार्थी व एक शिक्षक यांना फ्रान्स व बेल्जममधील रणभूमी दाखविण्यास न्यावयाचे, आणि परतल्यावर त्या मुलांनी आपल्या गावच्या सैनिकांची माहिती काढून ती गावाला सांगावयाची, अशी ती योजना होती. पंजाबातही एक मोठे साधन हाती आले आहे. १९१९ च्या सुमारास तेथील सरकारने गाववार नोंदवह्या केल्या होत्या. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या त्या वह्यांतील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी २०२१ पासून लोकांना पाहता येऊ लागल्या. आजोबा-पणजोबांचे नाव शोधणारी माणसे जगाच्या कानाकोपऱ्यातून त्यात डोकावू लागली.

आपल्याकडे हे कसे करता येईल, याचा एक लहान अनुभव आमच्यापाशी आहे. आमच्या कामगार वाचनालयातील काही मंडळींनी सातारा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेबरोबर हे काम केले. आठवी-नववीची मुले, त्यांच्या इतिहासाच्या बाई आणि मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेले दोनतीन कामगार, एवढाच आमचा फौजफाटा होता.

पहिले साधन म्हणजे कमिशनच्या नोंदी. त्या आज संगणकावर घरबसल्या पाहता येतात. त्यांत शिपायाचे नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचे नाव, गाव व जिल्हाही असतो. म्हणजे बसऱ्याच्या दगडाने जे दिले नाही ते कागदाने जपले आहे. पण ते सारे रोमन लिपीत, परक्या कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले. पवाराचा पोवार होतो, शिंद्याचा सिंदा होतो, आणि गावाचे नाव तर असे मोडते की, तालुक्याचा तलाठीही ओळखणार नाही. लंडनच्या विद्वानाला हे कोडे सुटायचे नाही. गावच्या पोरीला ते चटकन सुटते, कारण खालच्या आळीत कोणाची भावकी राहते हे तिला ठाऊक असते.

दुसरे साधन गावातच आहे. जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर आणि जमिनीच्या फेरफाराच्या नोंदी. शिपाई मेला की त्याच्या वाट्याची जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नावे लागे, व ती वारसनोंद तलाठ्याच्या दप्तरात होई. जुनी पाने मोडीत आहेत. त्यासाठी मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ आम्ही तालुक्याच्या गावाहून आणले. ते वाचीत गेले व मुले लिहून घेत गेली. तिसरे साधन घराघरांतले. देव्हाऱ्यात, कणगीत, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली पदके. या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. लढणाऱ्या शिपायाला चांदीचे पदक मिळे. श्रमिक दलांतील मजुरांना तेच पदक काशाचे मिळे. आमच्या मुलांना हा भेद कळला तेव्हा एकाने विचारले, "गोळी लागली तर दोघांनाही सारखीच लागत असेल ना?" यावर आम्ही काय बोलणार!

म्हणूनच आम्ही यादीत फक्त बंदूकवाले घेतले नाहीत. खेचरे हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी, डोली उचलणारे या सर्वांना घेतले. मुंबईत मशीद बंदराजवळ समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. किनाऱ्यावरच्या शाळांनी या कामाची सुरुवात त्या खलाशांपासून करावी.

शिळेवरचा आकडा आणि मुलांची यादी शेवटपर्यंत जुळली नाही. काही नावे सापडली नाहीत. एक नाव सापडले, पण त्या घरचे कोणीच गावात उरले नव्हते. बाईंनी तितक्या जागा कोऱ्या ठेवल्या. मग ग्रामसभेत यादी वाचली गेली, आणि खरी परीक्षा तेव्हा झाली. यादीतले पहिलेच नाव महारवाड्यातले होते. १९१७ साली १११ महार ही पलटण नव्याने उभी केली गेली आणि १९२१ च्या सुमारास मोडली गेली. या काळात अशी कितीतरी माणसे पुन्हा लष्करात शिरली होती. सभेत एकदोघांनी सुचविले की, फळा एकच असावा, पण नावे जरा 'रीतीने' लावावीत. रीत म्हणजे काय, ते कोणास सांगावे लागले नाही. तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "आम्ही नावे मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावली आहेत. जो आधी गेला तो आधी." त्यावर सभेत कोणी काही बोलले नाही. फळा तसाच लागला.

शूरांच्या आठवणी आपण ठेवतो. माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत धारातीर्थी पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावाने त्यांचे स्मारक उभारले. हे योग्यच झाले. पण ज्यांना पदक मिळाले नाही, जे रक्तपितीने मेले, तापाने मेले, खेचर दरीत कोसळले म्हणून मेले, त्यांचे स्मारक इटली करणार नाही, इंग्लंड करणार नाही. ते आपल्यालाच केले पाहिजे.

योगायोग असा की, पाट्यांवर जे १९१९ साल कोरलेले आहे, त्याच वर्षी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ज्या घरांतून माणसे पलटणीत गेली, त्याच घरांतील पोरे पुढे या शाळांतून अक्षर शिकली. अंगठा उठवून गेलेल्यांची नावे त्यांच्या पणतवंडांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावीत, याहून शाळेला शोभेल असे दुसरे काम कोणते?

आपण शहरातले लोक आहोत. व्याख्यान ऐकून घरी जाणार. परंतु या मंडपात बसलेल्यांपैकी किती जणांची गावे घाटावर वा कोकणात आहेत, हे आम्ही जाणतो. मे महिन्याच्या सुटीत गावी जाल, तेव्हा चावडीवरची पाटी पाहा, तिच्यावरचा आकडा उतरून घ्या आणि शाळेच्या गुरुजींना नेऊन द्या. मोडी येत असेल तर चार दिवस मुलांजवळ बसा. संगणक येत असेल तर नोंदी काढून द्या. घरच्या पेटीत पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरून वाचा. खर्च एका फळ्याचा आणि रंगाच्या डब्याचा आहे. फळा रंगवून झाला की, त्यावर पहिली तारीख ज्याची असेल त्याचे नाव पहिले लिहा.